'विंडोज १० मेलं, पीसी बदला': या मेसेजमध्ये खरं किती?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "विंडोज १० बंद झालं, आता गेम चालणार नाहीत. विंडोज ११ टाका, एफपीएस वाढतो. टीपीएम चिप नसेल तर विकत घ्या. प्रोसेसर जुना असला तरी बायपास करून बसतं, काही होत नाही. दहा मिनिटांचं काम." हे वाचून घरोघरी मुलं नव्या पीसीचा हट्ट धरतात आणि आईवडील चाळीस-पन्नास हजारांचा हिशेब मांडायला लागतात. म्हणून एकेक वाक्य नीट तपासू. त्याआधी तीन शब्द: एफपीएस म्हणजे गेममध्ये दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारी चिप, आणि बायपास म्हणजे विंडोज ११ची हार्डवेअर तपासणी चुकवून ते बसवणं.

"विंडोज १० बंद झालं, गेम चालणार नाहीत"

१४ ऑक्टोबर २०२५ला मोफत सुरक्षा अपडेट थांबले. पीसी थांबला नाही. बटण दाबलं की तो पूर्वीसारखाच सुरू होतो. गेम विकणाऱ्या आणि चालवणाऱ्या स्टीम या ॲपने १ जानेवारी २०२६पासून सोडलं ते ३२ बिटचं विंडोज. ६४ बिटच्या विंडोज १०वर स्टीम चालतं, आणि गेमिंग पीसीवर बहुधा ६४ बिटच असतं.

धोका मात्र खरा आहे. ज्या पीसीवर मुलगा खेळतो त्याच पीसीवर वडील बँकेचे व्यवहार करत असतील, तर अपडेटशिवाय तो वापरू नये. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली आहे. विंडोज १०ची शेवटची आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट या वाटेने गेलं की नोंदणीचा दुवा दिसतो. विंडोज बॅकअप चालू करून सेटिंग्ज खात्याशी जोडल्या तर पैसे पडत नाहीत. नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर हे पर्याय आहेत. एका नोंदणीत १० पीसी बसतात.

मेसेजमध्ये ग्राफिक्स कार्डाचा उल्लेखच नाही, आणि आमच्या मते पहिला प्रश्न तोच आहे. एनव्हिडिया कंपनीची जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेची कार्डं, म्हणजे आपल्याकडे भरपूर दिसणारी १०५० टीआय आणि १०६०, यांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५नंतर नाहीत. ऑक्टोबर २०२८पर्यंत फक्त तिमाही सुरक्षा दुरुस्त्या येतील. विंडोज ११ घातल्याने यात काहीच बदलत नाही. त्यांच्यापुढच्या आरटीएक्स कार्डांना विंडोज १०वर ऑक्टोबर २०२६पर्यंत पूर्ण ड्रायव्हर मिळतील, असं एनव्हिडियाने जाहीर केलं आहे.

"विंडोज ११ टाकलं की एफपीएस वाढतो"

काही पीसींवर वाढतो, काहींवर घटतो. त्याची कारणं ठरलेली आहेत.

इंटेलच्या १२व्या पिढीपासून अनेक प्रोसेसरांत दोन जातींचे कोअर (काम करणारे गाभे) असतात, ताकदीचे आणि काटकसरीचे. गेम कुठल्या कोअरवर पाठवायचा हे विंडोज ११ला जास्त चांगलं कळतं. असा प्रोसेसर असेल तर खुशाल जा. एएमडीच्या रायझन ५०००, ७००० आणि ९००० मालिकेलाही विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत थोडा फायदा आहे.

उलट्या बाजूला मेमरी इंटिग्रिटी आहे, म्हणजे घातक सॉफ्टवेअरला विंडोजच्या गाभ्यात शिरू न देणारी सुरक्षा. कोरं विंडोज ११ टाकलं की ही सुरक्षा बहुतेक वेळा आपोआप चालू असते. इंटेलच्या ७व्या पिढीपासून आणि रायझन ३००० मालिकेतल्या झेन २ या रचनेच्या प्रोसेसरांपासून तिचं ओझं उचलायला हार्डवेअरची मदत आहे. त्याआधीच्या प्रोसेसरांत ते काम सॉफ्टवेअरने करावं लागतं आणि एफपीएस पडतो. रायझन ५ २६०० हा लोकप्रिय प्रोसेसर नेमका इथे अडकतो. विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत तो आहे, पण ही मदत त्याच्याकडे नाही. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे ही सोय बंद करता येते आणि गेम खेळणाऱ्यांना तसा पर्याय मायक्रोसॉफ्टनेच सांगितला आहे. पण ऐकीव माहितीवर बंद करू नका. मेमरी इंटिग्रिटी चालू ठेवून तीनदा आणि बंद ठेवून तीनदा गेममधला बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, चालवा, सरासरी एफपीएसऐवजी सगळ्यात मंद १ टक्का क्षणांचा एफपीएस बघा, आणि फरक जाणवण्याइतका असेल तरच बंद करा.

रायझनवर खेळताना मध्येच सेकंद-दोन सेकंद चित्र आणि आवाज दोन्ही अडखळत असतील तर दोष एफटीपीएमचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या टीपीएमचा, असू शकतो. एएमडीने तो मार्च २०२२मध्ये मान्य केला. बायोस (बोर्डमधलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) नवा टाकला, म्हणजे त्यातला एजीसा हा एएमडीचा भाग १.२.०.७ किंवा त्यापुढचा असला, की तो जातो.

हार्ड डिस्कवर विंडोज ११ मात्र कुणीही टाकू नये. आधी ५०० जीबीची एसएसडी बसवा. जुन्या पीसीला वेग येतो तो तिच्यामुळे.

"टीपीएम चिप विकत घ्या"

घेऊ नका. विंडोज ११ला चालणाऱ्या प्रोसेसरांत, म्हणजे ढोबळमानाने इंटेल ८वी पिढी आणि रायझन २०००पासून पुढे, टीपीएम २.० आतच असतं. बायोसमध्ये इंटेलला पीटीटी आणि एएमडीला एफटीपीएम या नावाने ते सापडतं. फक्त चालू करायचं. वेगळ्या चिपेची जोडणी कुठे १२ पिनची, कुठे १४ची, कुठे २०ची. चुकीची घेतली तर बसतही नाही. आणि चौथ्या पिढीच्या आय५ला चिप लावली तरी प्रोसेसर यादीबाहेरच राहतो, ते पैसे वाया.

"बायपास केलं तरी काही होत नाही"

होतं. व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) मागतो. नसेल तर व्हॅन ९००१ किंवा ९००३ ही चूक दाखवून थांबतो. तोच गेम त्याच जुन्या पीसीवर विंडोज १०वर सहसा चालत असतो. ज्या गेमसाठी खटाटोप केला तोच बंद पडला, अशी गत होते. बॅटलफील्ड ६ आणि ब्लॅक ऑप्स ७ या गेमना तर विंडोज १०वरही सिक्युअर बूट लागतं, त्यामुळे तिथे विंडोज बदलून सुटका नाही.

शिवाय बायपास केलेल्या पीसीला दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप मिळत नाही, दरवेळी हाताने बसवावी लागते. कोअर २ ड्युओ किंवा क्वाड असेल तर २४एच२ सुरूच होत नाही, कारण त्याला लागणारी पॉपसीएनटी ही आज्ञा (इन्स्ट्रक्शन) त्या प्रोसेसरांत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय५ असलेल्यांनी विंडोज १०च ठेवावं आणि वर सांगितलेली नोंदणी करावी.

"दहा मिनिटांचं काम"

इथे सगळ्यात जास्त पीसी अडकतात, म्हणून पीसी विंडोज ११साठी तयार करण्याचा क्रम नीट पाहा.

विंडोज आणि आर ही बटणं दाबून एमएसइन्फो३२ (msinfo32) लिहा, पीसीची माहिती उघडेल. बायोस मोडपुढे लेगसी दिसलं तर डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे आणि ती जीपीटी या नव्या पद्धतीत बदलावी लागते. आधी गेमचे सेव्ह, माय गेम्स आणि ॲपडेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो तात्पुरता थांबवा आणि त्याची ४८ अंकी चावी कागदावर लिहून ठेवा. मग प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून विंडोजमधलंच एमबीआर२जीपीटी (mbr2gpt) चालवा, आधी व्हॅलिडेट (/validate) म्हणजे तपासणी आणि तो पास झाला तरच कन्व्हर्ट (/convert) म्हणजे बदल. दोन्ही वेळा अलाउफुलओएस (/allowFullOS) हा पर्याय जोडा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर व्हॅलिडेटच अडतो.

यानंतर बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या, लेगसी पद्धतीने पीसी सुरू करणारी सोय) बंद करा. हे आधी केलं तर विंडोज सापडत नाही आणि पीसी पुन्हा पुन्हा बायोसमध्येच उघडतो. घाबरू नका, सीएसएम परत चालू केलं की सगळं पूर्ववत होतं. खूप जुन्या कार्डावर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहिला तर पीसीचा वीजपुरवठा काढा, बोर्डवरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटं बाहेर ठेवा, बायोस मूळ स्थितीत येईल. सिक्युअर बूट 'चालू' असूनही 'सक्रिय नाही' असं दिसलं तर बायोसमध्ये फॅक्टरी की, म्हणजे कंपनीच्या मूळ चाव्या, भरायच्या राहिल्या आहेत.

बायोस अपडेट करायचा असेल तर हेस्कॉमच्या विजेवर विसंबू नका, पावसाळ्यात खानापूर भागात तर नाहीच. विंडोज बसताना वीज गेली तर ते बहुतेक वेळा मागे फिरतं. बायोस लिहिताना गेली तर बोर्ड बंद पडू शकतो. तेवढ्या वेळापुरता ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो, कारण तेव्हा ग्राफिक्स कार्डावर भार नसतो. पण आधी प्लग काढून त्याची बॅटरी पाच मिनिटं तग धरते का बघा.

सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी मोकळे ठेवा आणि संध्याकाळ हाताशी ठेवा. पटलं नाही तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून मागे जाता येतं, पण १० दिवसांतच. कमांड प्रॉम्प्टमधल्या डिझम (DISM) आज्ञेने ही मुदत ६० दिवस करता येते, मात्र ती पहिल्या १० दिवसांतच वाढवावी लागते. आणि जागा कमी पडते म्हणून जुनं विंडोज ठेवलेलं विंडोज डॉट ओल्ड (Windows.old) फोल्डर पुसलं, तर त्याच क्षणी परतीची वाट बंद होते.