१४२ रुपये भाडं

गिरगावातल्या आमच्या खोलीचं भाडं महिन्याला १४२ रुपये. परवाच्या पावसात जिन्यावरच्या तुळईचा ढलपा कोसळला. शेजारच्या आजी नुकत्याच दोन पायऱ्या खाली उतरल्या होत्या, म्हणून वाचल्या. गॅलरीला कित्येक वर्षं लाकडी टेकू आहेत आणि आता त्या टेकूंनाच वाळवी लागलीय.

चाळीत सगळे मालकाला शिव्या घालतात. मीही घालायचो. मग एकदा हिशोब मांडला. ३६ बिऱ्हाडं, म्हणजे महिन्याला जेमतेम पाच हजार. त्यात एक गवंडी आठवडाभर ठेवता येत नाही, जिन्याचं लाकूड कुठून आणायचं मालकाने?

हे दुखणं १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यापासूनचं आहे. तात्पुरता म्हणून आणलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला आणि भाडी १९४० च्या आकड्यावर गोठून राहिली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले, तेव्हा कुठे नवा कायदा आला आणि २००० पासून वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. शंभरावर चार रुपये! आणि त्याच नव्या कायद्याच्या संरक्षणातून १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेले पैसे) असलेल्या भाडेकरू कंपन्या वगळल्या, त्यांनी बाजारभावाने भाडं द्यायचं. म्हणजे बाजारभावाशिवाय इमारत उभी राहत नाही हे सरकारला ठाऊक आहे.

भाडं मोकळं करायचं सोडून १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींसाठी सरकारी दुरुस्ती मंडळ काढलं, त्याच्या खर्चासाठी उपकर, म्हणजे जादा कर लावला. एकोणीस हजारांवर इमारती एका सरकारी खात्याच्या गळ्यात! आमच्या दुरुस्तीच्या अर्जाचंच सांगतो. मंडळातले साहेब म्हणाले मालकाची सही आणा. मालक म्हणतो, मला यातून काय मिळणार? तिसऱ्या खेपेला कळलं, फाईल दुसऱ्या टेबलावर गेलीय.

"मग गरीब भाडेकरूने जायचं कुठे?" असं विचारणाऱ्यांची कळकळ खरी आहे. माझी आई याच खोलीत म्हातारी झाली. पण गरिबाला आधार द्यायचा तर सरकारने तिजोरीतून थेट त्याच्या हातात पैसे द्यावेत. एका माणसाच्या मालमत्तेवर समाजसेवा लादली की तो दुरुस्ती सोडतो, नवा माणूस चाळ बांधत नाही, आणि आमच्या मुलांना भाड्याने खोली शोधत बदलापूर गाठावं लागतं.

गेल्या रविवारी चाळीची मीटिंग झाली. टेकू बदलायला बिऱ्हाडामागे चार हजार ठरले. पेन्शनवर जगणाऱ्या दोन घरांचे बाकीच्यांनी वाटून घेतले. संध्याकाळपर्यंत सगळे पैसे जमा होते.