दोन फुटी टाकी, फूटभर मासा

गणपतीत भाचा पुण्याहून मालवणला आला तो नव्या टाकीचा फोटो घेऊनच. दोन फुटी, 60-65 लिटरची. समुद्री मासे ठेवायचेत आणि पहिला मासाही ठरलेला: 'फाइंडिंग निमो' सिनेमातला तो निळा. "मामा, दुकानदार म्हणाला चालेल."

दुकानदार म्हणणारच. दुकानात निळा टँग तीन इंचांचा असतो. पूर्ण वाढला की फूटभर होतो, आणि तो एका जागी बसणारा मासा नाही. दोन फुटांच्या काचेत त्याला धड वळताही येणार नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, पाप करून सांगतोय. काही वर्षांपूर्वी मी मँडरिन मासा आणला होता. निळ्या-केशरी नक्षीचा, पैठणीच्या पदरासारखा. "सगळं खातो," असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं. मँडरिन दिवसभर खडकावरचे कोपेपॉड, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारे बारीक जीव, टिपून जगतो. तेवढे कोपेपॉड पैदा व्हायला जुनी, मोठी, जिवंत खडकांनी (बारीक जीव वस्तीला असलेल्या समुद्री दगडांनी) भरलेली टाकी लागते. माझी टाकी तीन महिन्यांची. दाणे त्याच्या तोंडासमोरून खाली जायचे, तो ढुंकून बघायचा नाही. महिन्याभरात पोट आत गेलं, पाठ कोरल्यासारखी दिसायला लागली. भरलेल्या ताटासमोर उपाशी मेला बिचारा. चूक माशाची नव्हती, पाण्याचीही नव्हती. निवडीची होती.

तेव्हापासून रंग शेवटी बघतो. आधी विचारतो, हा खातो काय, वाढतो किती आणि आला कुठून. तिसऱ्या प्रश्नाला दुकानात हमखास विषय बदलतो. फिलिपिन्स-इंडोनेशियात प्रवाळांत सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याचे प्रकार अनेक वर्षं चालत आलेत. असा मासा दुकानात ठणठणीत दिसतो आणि घरी येऊन काही दिवसांत जातो. मागे प्रवाळही मरतात, ते वेगळंच.

म्हणून भाच्याला म्हटलं, टाकीतच जन्मलेली क्लाउन माशांची जोडी घे, त्याच सिनेमातला केशरी-पांढरा. दाणे खाते, लहान राहते, समुद्रातून ओढून आणलेली नसते. तिला समुद्रातलं घर, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी अ‍ॅनिमोन लागतोच असंही नाही. उलट नव्या टाकीत अ‍ॅनिमोनच आधी मरतो आणि सगळं पाणी नासवतो.

आपल्याकडे आणखी एक मोह असतो. जाळ्यात समुद्रघोडा आला की कुणीतरी विचारतंच, "टाकीत ठेवतलंस काय?" नाही बाबा. समुद्रघोडे आणि प्रवाळ 2001 मध्ये वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आले, पकडायला-ठेवायला बंदी. ओहोटीला खडकांच्या डबक्यातून पट्टेवाल्या माशांची पिल्लं उचलणाऱ्यांनाही सांगतो, मोठी झाली की तीच बाकीच्यांना धारेवर धरतात. मग लोक टाकी खाडीत रिकामी करतात. परदेशी मासा असा कधीच सोडू नका. आपल्या बाजूच्या समुद्रातला लायनफिश तिकडे अटलांटिकमध्ये पोचला आणि आता तिथले मासे फस्त करतोय.

भाचा दोन दिवस रुसला. मग ऐकलं.

टाकी अजून रिकामीच आहे, माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया बसायला महिना-दीड महिना जाऊ दे म्हटलंय. रोज नुसत्या पाण्याचा फोटो येतो. काल काचेवर तपकिरी थर आला म्हणून रात्री अकराला घाबरून फोन. म्हटलं, येतो तो. पुस आणि झोप.