आतडी धुतली म्हणून चांगले जंतू वस्तीला येत नाहीत

एक संदेश सध्या फोनाफोनी फिरतोय. "शरीरात पेशींच्या दहापट जंतू असतात. त्यातले वाईट जंतू आतड्याला चिकटून बसतात. दर महिन्याला जुलाब घेऊन आतडी धुवा, मग प्रोबायोटिकची (जिवंत जंतूंची) कॅप्सूल घ्या. चांगले जंतू कायमचे राहायला येतील. अपाय काहीच नाही."

दहापटीचा आकडा हा 1972 सालचा ढोबळ अंदाज. 2016 मध्ये फेरहिशेब झाला तेव्हा जीवाणू साधारण 38 लाख कोटी आणि पेशी 30 लाख कोटी निघाल्या. म्हणजे जवळपास बरोबरी.

"आतडी धुवा" हा भाग मात्र मला खरोखर अस्वस्थ करतो. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल बनतं. तिथल्या अस्तराच्या पेशी सुमारे 70 टक्के ऊर्जा त्यातूनच मिळवतात. जुलाबाला हे कामकरी जंतू ओळखू येत नाहीत, तो सरसकट सगळ्यांना वाहून नेतो. आणि नुसतं धुऊन रोग जातो का, हे तपासलं गेलंय. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा संसर्ग पुन्हा पुन्हा होणाऱ्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये प्रयोग झाला. निष्कर्ष 2013 मध्ये आले. फक्त व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या 13 पैकी 4 जण बरे झाले. औषधासोबत आतडी धुतलेल्या 13 पैकी 3. आतडी धुऊन वर निरोगी दात्याच्या विष्ठेतले जंतू नळीवाटे सोडले, तेव्हा पहिल्याच वेळी 16 पैकी 13. गुण आला तो जंतूंच्या अख्ख्या वस्तीमुळे.

मग कॅप्सूल हेच करत नाही का? नाही. तिच्यात मोजक्या जाती असतात, आतड्यात शेकडो. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने 2018 मध्ये अँटिबायोटिक घेतलेल्या 21 जणांवर अभ्यास केला. काहीच न घेतलेल्यांची मूळ वस्ती साधारण तीन आठवड्यांत सावरली. प्रोबायोटिक घेतलेल्यांची पाच महिन्यांनीही पूर्ण सावरली नव्हती. माणसं थोडी होती, हे मान्य. पण "कायमचे राहायला येतील" असं छातीठोक सांगण्याला यातून आधार मिळत नाही.

प्रोबायोटिक सरसकट निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. अँटिबायोटिक चालू असताना याच डिफिसिलचा संसर्ग टाळायला काही ठरावीक जातींचा उपयोग होतो, असं अमेरिकेतल्या पचनतज्ज्ञांच्या संघटनेनं 2020 मध्ये सांगितलं. मात्र बहुतेक पोटदुखण्यांसाठी त्यांनी शिफारस केली नाही.

"अपाय काहीच नाही" हे वाक्य सर्वांत धोक्याचं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिकमधले हेच जंतू रक्तात शिरून जीवघेणे ठरू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 मध्ये दिला. प्रतिकारशक्ती खचलेल्यांनाही हा धोका असतो. आणि दरमहा जुलाब म्हणजे दरमहा पाणी, सोडियम, पोटॅशियम गमावणं. तुमच्या ओळखीत मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा कुणी रुग्ण असेल आणि हा संदेश त्याच्यापर्यंत पोहोचला असेल, तर त्याला आजच फोन करा.