गुडघ्याचं मान्य, मनगटाचं नाही

गुरुजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी दवाखान्यात निघायच्या आधी पुन्हा वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, "कण्याला बाक असला म्हणून सांधे दुखत नाहीत." गुरुजी रेणापूर तालुक्यातले निवृत्त शिक्षक. काकूंचं वय ५२, एक्सरेत कण्याला २८ अंशांचा बाक निघालाय. दुखतं काय काय, तर कंबर, उजवा गुडघा, डावा खांदा आणि दोन्ही मनगटं. गुरुजी लिहितात, "तुमचा लेख वाचून ती रडली. मग तिचं दुखणं मनाचं समजायचं का? डॉक्टर म्हणाले सगळं कण्यामुळंच आहे. तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का?"

ते वाक्य माझं चुकलं, गुरुजी. बाक निघाला म्हटलं की घरात रडारड सुरू होते, पोरीचं लग्न कसं होणार इथपर्यंत गोष्ट जाते. म्हणून धीर द्यायला गेले आणि धीराच्या भरात नको तेवढं बोलून बसले. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. काकूंना सांगा, दुखणं मनाचं नाही.

पण "सगळं कण्यामुळंच" हेही मी मान्य करणार नाही.

स्कोलिओसिसमध्ये, म्हणजे कण्याच्या या बाकात, कणा नुसता बाजूला झुकत नाही, स्वतःभोवती पिळला जातो. मणके वळले की बरगड्या वळतात आणि पाठीवर एका बाजूला उंचवटा येतो. १८६५ मध्ये विल्यम ॲडम्स या इंग्रज सर्जनने तो ओळखायची साधी रीत लिहून ठेवली: गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठ बघा. तुमच्या पिढीच्या गुरुजींनी अख्खे वर्गच्या वर्ग अंगठे धरून उभे केले, तेव्हा कोणी मागून पाहिलं असतं तर मराठवाड्यातली निम्मी तपासणी फुकटात झाली असती! (राग मानू नका. मीही धरलेत अंगठे.)

तर खांद्यामागचं पसरट हाड या बरगड्यांवरच सरकतं. खालची बरगडी उंच झाली की ते नीट बसत नाही, हात वर नेताना मानेचे आणि पाठीचे स्नायू जास्त ओढतात. काकूंचा डावा खांदा त्यातून दुखत असू शकतो. बाक कमरेत असेल तर कमरेचं हाड एका बाजूला कलतं. कणा कमरेच्या हाडांत जिथे बसतो तो सांधा, मग खुबा, आणि पुढे गुडघा, असा तो भार खाली जातो. पाय आखूड असला तरी कंबर अशीच कलते, आणि दोन पायांच्या लांबीत एक सेंटिमीटर किंवा जास्त फरक असलेल्यांमध्ये आखूड पायाच्या गुडघ्याची झीज जास्त दिसते, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत आढळलं, २०१० मध्ये ते प्रसिद्धही झालं. म्हणून गुडघ्याचं तुमचं म्हणणं मला पटतं. पण बावन्नाव्या वर्षी, तीस वर्षं उकिडवं बसून खुरपणी केलेल्या बाईचा गुडघा कण्याला विचारून झिजत नाही, हेही खरं. बाकाने त्यात भर घातली असेल. किती, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

गुडघ्याची आणखी एक गंमत आहे. कधीकधी गुडघा धडधाकट असतो, दुखणं दुसरीकडचं असतं. वय वाढलं की बाकदार कमरेतल्या नसांची वाट अरुंद होते, आपल्याकडे म्हणतात तशी नस दबते, आणि कळ मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते. माझ्याकडे एक आजी यायच्या. लातूरच्या गंजगोलाई बाजाराचा एक फेरा त्यांच्याने पुरा होत नसे. मधेच कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर बसायच्या, पाच मिनिटांत पाय मोकळा, परत चालायला तयार. गुडघ्याला मलम चोळून चोळून संपले होते. खुब्याचं दुखणंसुद्धा असंच गुडघ्यात बोलतं.

आता मनगटं. इथे मी तुमच्याशी भांडणार आहे.

बाकाचं दुखणं शेजारच्या बांधापर्यंत जातं, मान्य. पण कमरेतल्या बाकाने दोन्ही मनगटं एकदम दुखतील, हे शरीराच्या रचनेत कुठेच बसत नाही. दोन्ही हातांचे लहान सांधे सारखेच दुखत असतील, सुजत असतील आणि सकाळी अर्धा-पाऊण तास हात आखडलेले राहत असतील, तर आमवात, म्हणजे रुमॅटॉइड, आधी डोळ्यासमोर आला पाहिजे. काकूंना विचारा: सकाळची भाकरी थापायला जड जाते आणि संध्याकाळची सहज होते, असं आहे का? असेल तर माझ्याकडे नंतर या, आधी फिजिशियनकडे जा. लातूरच्या शासकीय रुग्णालयात जा, अंबाजोगाईला जा, पण रक्त तपासून घ्या. आरए फॅक्टर ही आमवाताची नेहमीची रक्ततपासणी निगेटिव्ह आली तरी आमवात नाही असं ठरत नाही, अँटी-सीसीपी ही दुसरी तपासणीही करा. या आजारात औषध उशिरा सुरू झालं तर सांधे वाकडे होतात आणि मग सरळ होत नाहीत. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीनंतर आपल्याकडे कित्येक बायांची मनगटं आणि घोटे महिनोन्महिने धरले होते, तेव्हा अलीकडे तसा ताप येऊन गेला का, हेही आठवा.

कण्याचा बाक एक्सरेत ठळक दिसतो, हीच अडचण आहे. एकदा दिसला की पुढची प्रत्येक कळ त्याच्या सातबाऱ्यावर चढते. मीही ही चूक केली आहे. नवीन होते तेव्हा औशाकडचा एक पोरगा आला, कणा सरळसरळ एका बाजूला, रिपोर्टात स्कोलिओसिस. दीड महिना मी बाकाचे व्यायाम करून घेतले. मुळात त्याची मणक्यांमधली गादी सरकलेली होती, नस वाचवायला शरीर एका बाजूला कललं होतं. कळ कमी झाली आणि "स्कोलिओसिस" गायब! तिथे दुखण्याने बाक आणला होता. आखूड पायामुळेही असा वरवरचा बाक येतो. माझ्याकडे सुताराकडून कापून घेतलेले अर्ध्या सेंटिमीटरचे प्लायवूडचे तुकडे आहेत, ते एकेक करून पायाखाली ठेवायचे आणि कंबर समपातळीत येते का बघायचं. बिनखर्चाची तपासणी आहे, पण लोकांना एमआरआयच पाहिजे असतो.

२८ च्या आकड्याने घाबरू नका. हा कोन मोजायची पद्धत जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये सांगितली. १० अंशांच्या खाली स्कोलिओसिस म्हणतही नाहीत, आणि दोन वेळच्या मोजणीत पाचेक अंशांचा फरक नुसत्या मोजण्यातून येऊ शकतो. म्हणून पुढच्या एक्सरेत ३१ आले तर "वाढला" म्हणून धावू नका. अमेरिकेत आयोवाला उपचार न घेतलेल्या रुग्णांना ५० वर्षं पाहिलं गेलं. ६१ टक्क्यांना जुनी पाठदुखी होती, बाक नसलेल्यांमध्ये ३५ टक्के. म्हणजे फरक आहेच, आणि माझं जुनं वाक्य इथेही पडतं. पण दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं थोडं किंवा मध्यम होतं, आणि रोजची कामं ते इतरांसारखीच करत होते.

शेवटी तुम्ही ज्या माणसाबद्दल विचारलंय, जो पंधरा बैठकांत "मणके जागेवर बसवून" कणा सरळ करून देतो म्हणतो, त्याला पैसे देऊ नका. पाठीला बांधायच्या पट्ट्याचा (ब्रेसचा) उपयोग वाढत्या वयातल्या मुलामुलींना होतो, तोही बाक वाढू नये म्हणून. २०१३ च्या एका अभ्यासात पट्टा लावलेल्या ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही, न लावलेल्यांत ४८ टक्के. बावन्नाव्या वर्षी हाडाची वाढ कधीच संपलेली असते. काकूंना व्यायामाने ताकद येईल, कळ कमी होईल. कणा सरळ होणार नाही, आणि तसं मी सांगणारही नाही.

रक्त तपासून झालं की काकूंना घेऊन या. एक्सरे उभं करून काढलाय की झोपवून, ते फिल्मवर बघा, कारण झोपवून काढलेल्यात बाक कमी दिसतो. आणि काकूंच्या रोजच्या वापरातल्या चपला आणा, नव्या नकोत. कुठली टाच जास्त झिजलीय ते मला बघायचंय.