बदामाचं बिऱ्हाड

चवथीचे पाहुणे दीड दिवसाचे, पाच दिवसांचे, फार तर सात. साक्षात गणपती ही शिस्त पाळतो. यंदा मात्र एक पाहुणा असा आला की विसर्जन झालं, गणपतीवरची माटोळी उतरली, नेवऱ्यांचा डबा रिकामा झाला, तरी हा आपला शोकेसमध्ये काचेच्या बदकांशेजारी बसून. तळहाताएवढा लाल कापडी बदाम. पत्त्यांतला असतो तसाच, फक्त कापूस भरलेला. त्याला साखळी, साखळीला सैनिकांच्या गळ्यात असते तसली धातूची पट्टी, पट्टीवर किड्याचं चित्र आणि एक क्रमांक. सोबत लॅमिनेट केलेलं कार्ड.

आणला भाच्याने. तो जर्मनीत असतो. तिथल्या कुठल्याशा जंगलातल्या डब्यात त्याला हा सापडला.

"मामा, ह्याला ट्रॅकेबल म्हणतात. हा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करतो. तू फक्त गोव्यातल्या एखाद्या डब्यात सोड."

"कसला डबा?"

मग आरतीची वेळ टळेपर्यंत त्याने मला जिओकॅशिंग समजावलं. २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर सामान्य माणसाच्या यंत्रात जागा शंभरेक मीटर इकडची तिकडे दिसायची. ती एका रात्रीत नीट दिसू लागली. लगेच ३ मेला ओरेगॉनमधल्या डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करून टाकले. शोधा म्हणाला. बादलीत पुस्तकं, एक गलोल, शिवाय बीन्सचा एक डबा. लोकांनी शोधलीही. तो बीन्सचा डबा पुढे स्वतःच ट्रॅकेबल होऊन हिंडू लागला. आता जगभर असे डबे लपवलेले आहेत. शोधायचे, आतल्या वहीत सही करायची, डबा होता तिथे ठेवायचा.

मला त्या गृहस्थाचं कौतुक वाटलं. आपल्याकडे जीपीएस असं एका रात्रीत सुधारलं असतं, तर सकाळी पहिलं काम काय झालं असतं? शेजाऱ्याचा कुंपणाचा चिरा आपल्या हद्दीत किती आलाय ते मोजून वकील गाठला असता.

भाच्याने जाण्याआधी माझ्या मोबाईलमध्ये ते अ‍ॅप घातलं. "मामी, तुझ्यात पण घालतो," म्हणाला. ही भांडी घासता घासता "घाल बाबा" म्हणाली. तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

भाचा गेला, आणि त्या संध्याकाळी हिने कार्ड वाचलं.

इंग्रजीत होतं, पण मतलब स्वच्छ: मी हृदय आहे. मी ज्याच्याकडे मुक्कामाला आहे त्याने रोज तीस मिनिटं चालावं, मीठ बेताने खावं, रक्तदाब तपासावा आणि मग मला पुढे धाडावं. मागच्या बाजूला हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणं. छातीवर दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, धाप. बायकांना कधी नुसताच थकवा नि मळमळ.

हिने त्याचं मराठी करून फ्रीजवर लावलं. खाली स्वतःच्या पदरची भर: "गॅस असेल म्हणू नये. १०८ ला फोन करावा."

ही भर आमच्या काकांसाठी होती. चार वर्षांपूर्वी छातीत दुखायला लागल्यावर ते दीड तास ओवा चावत बसले होते. शेवटी शेजाऱ्याने न विचारता १०८ बोलावली आणि त्यांना बांबोळीच्या इस्पितळात पोचवलं. काका वाचले. आजही ते सांगतात, गॅसच होता, डॉक्टरांनी उगाच नळी घातली.

असो. आमच्या घरी त्या रात्रीपासून बदामाचं राज्य सुरू झालं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे जेमतेम एक चमचा. हे वाक्य मीही वाचलेलं आहे, पण वाचून सोडून द्यायच्या वाक्यांत ते मोडतं अशी माझी समजूत होती. हिने एक छोटी स्टीलची वाटी काढली. रोज सकाळी त्यात माझं दिवसाचं मीठ मोजून ठेवायचं आणि माझ्यासाठी जे रांधायचं त्यात त्यातलंच घालायचं. दुपारच्या हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, अर्धी वाटी जायची. चार वाजता मी चहाबरोबर शेव मागितली की मला वाटीचा तळ दाखवण्यात यायचा. माझ्या आयुष्यात पगार महिन्याच्या वीस तारखेला संपलेला आहे, पण मीठ संध्याकाळी चारला संपण्याची ही पहिलीच खेप. मिस्कुटाच्या लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. सुक्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, डबा तर मेहुण्याकडे रवाना झाला, जणू काय त्याला हृदयच नाही!

रक्तदाबाचं यंत्र आलं. दवाखान्यात डॉक्टरचा पांढरा कोट बघून काहींचा रक्तदाब चढतो, त्याला व्हाइट कोट हायपरटेन्शन असं भारदस्त नाव आहे. म्हणून घरी मोजावा म्हणतात. आमच्या घरी मोजताना समोर हिचा निळा गाऊन. हात कंबरेवर, नजर आकड्यावर. १२०च्या आसपास असावा तो १४२ दाखवायचा. "बघा," ही म्हणायची. बघून तो १४६ व्हायचा.

सुटका दिसली ती कार्डातच. "ज्याच्याकडे मुक्कामाला आहे त्याने" असं लिहिलं होतं. मुक्काम हलवला की कायदा संपला! शिवाय खेळाचा रिवाजही असा की ट्रॅकेबल घरात दाबून ठेवायचा नाही, आठवड्या-दोन आठवड्यांत पुढे सोडायचा. नवरात्र तोंडावर आलं होतं. नवरात्रात आमच्याकडे नुस्तें, म्हणजे मासळी, बंद, म्हणजे खाऊन घ्यायचं ते त्याच्या आत. मी रविवारी पहाटे उठलो. बदाम घेतला. ही कृतार्थ नजरेने बघत होती. तिला वाटलं, मी चालायला निघालो.

पहिला डबा पणजीत. नेमका कुठे ते सांगता येत नाही, डब्याची जागा फोडायची नाही असा नियम आहे. एवढंच सांगतो की फोंड्याहून पणजीला कदंबच्या बसने गेलो आणि फोन म्हणाला की तुम्ही डब्यापासून चार मीटरवर आहात. ह्या चार मीटरांत एक चिऱ्याची भिंत, एक गटार आणि विजेचा खांब होता. चिऱ्याच्या फटीत बोट घालताना कोकणी माणसाला पहिलं आठवतं ते फुरसं. बदामाला कापूस होता, माझ्या आत मात्र खरं यंत्र दिवसाला लाखभर ठोके घालणारं. त्याने त्या अर्ध्या तासात दोन दिवसांचा कोटा उरकला.

आणि डबा सापडला! सापडला म्हणजे कसा, तर करंगळीच्या पेराएवढी लोखंडी डबी, खांबाच्या मागे चुंबकाने चिकटलेली. आत कागदाची सुरळी. मी सही केली. मग बदाम हातात घेऊन डबीकडे बघत राहिलो. हत्तीला काडेपेटीत घालायचं असेल तर कुठल्या बाजूने सुरुवात करतात? फोन उघडून वाचलं. डब्याचा आकार वर लिहिलेला असतोच, म्हणे आधी बघायचा असतो. ह्या आकाराला नॅनो म्हणतात.

इतक्या दगदगीनंतर माणसाला भूक लागते. समोरच्या गाड्यावर रोस ऑम्लेट होतं. शागुतीच्या रसात बुडालेलं, वर कांदा, बाजूला पाव. मी शर्टाच्या खिशातल्या बदामावर रुमाल टाकला आणि खाल्लं. दोन प्लेट. रस्सा खारट होता. डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या रविवारी आकार बघून निघालो. डबा होता एका किल्ल्याच्या पायथ्याशी. गोव्यात किल्ले काही थोडे नाहीत, तेव्हा फोडाफोडी होण्याची भीती नाही. पाऊस ओसरला होता, पण शेवाळ होतं. ह्या खेळात न खेळणाऱ्यांना मगल म्हणतात आणि त्यांच्या देखत डबा उघडायचा नसतो. जर्मनीच्या जंगलात हे जमत असेल. गोव्यात एखादा पन्नाशीचा इसम वडाच्या मुळांत हात घालून उकिडवा बसला, की आधी एक कुत्रा येतो, मग कुत्र्याचा मालक, मग त्या मालकाला "कोण तो?" असं विचारणारे दोघे. मी लघवीला बसल्याचा बहाणा करून पाहिला. त्याने प्रतिष्ठा वाढली नाही.

शेवटी एक म्हातारी आली. डोक्यावर काड्यांचा भारा. बराच वेळ बघून म्हणाली, "कितें शेणलां रे पुता?" काय हरवलंय म्हणून.

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. मी खिशातून बदाम काढून दाखवला. "काळीज," म्हटलं.

तिने मला केसांपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "ह्या पिरायेर?" म्हणजे, ह्या वयात?

आणि गेली. डबा सापडला नाही. खेळात त्याचीही नोंद करायची असते, सापडला नाही म्हणून. मी केली. येताना भजी-पाव.

घरी आल्यावर हिने चाललेली पावलं बघितली. नऊ हजार. मग रक्तदाब बघितला, १४८. "चालून वाढतो कसा?" ती बुचकळ्यात पडली. तिला कोण सांगणार की वाटीतला चमचा मी रोज प्रामाणिकपणे पाळतो आणि रविवारी घराबाहेर पुढच्या बुधवारपर्यंतचं मीठ उचलून येतो.

त्याच रात्री मी पहिल्यांदा बदामाचं पान नीट वाचलं. क्रमांक घातला की प्रत्येक ट्रॅकेबलचं पान उघडतं. २२,००० किलोमीटर झाले होते. मी एलटीसी घेऊन गेलो ते वैष्णोदेवीपर्यंत, तेही एकदा. मालकीण होती कॅनडातली एक निवृत्त नर्स. तिने लिहिलं होतं की जन्मभर दवाखान्यात दुसऱ्यांना लक्षणं सांगितली, आणि नवऱ्याने जेवणानंतर छातीत जळजळतंय म्हटलं तेव्हा तीच म्हणाली, "अ‍ॅसिडिटी असेल, पडून राहा."

मी फोन बंद केला. जरा वेळाने उठून, कुणी सांगितलं नसताना, सकाळची विसरलेली गोळी घेतली. हिने कूस बदलली. जागी होती की काय कोण जाणे.

तिसऱ्या खेपेला मात्र फत्ते. मांडवीतलं एक बेट. दिवाडी की चोडण, विचारू नका. फेरीबोटीत एक बसायचं बाक, त्यावर कोळणीची पाटी, पाटीत डोळे लुकलुकवत सकाळचे बांगडे. मी त्यांना म्हटलं, संध्याकाळी भेटू. डबा खाजणाच्या बांधाजवळ होता, चांगला मोठा, झाकणाचा. आत वही, पेन्सिल, एक खेळण्यातली गाडी आणि गंजलेला कीचेन. मी बदाम आत ठेवला. झाकण लावताना उगाच हात थबकला. तीन आठवडे शोकेसमध्ये होता, सवय होते. बदकांच्या शेजारी रिकामं दिसेल, असं वाटलं. मग बांगडे आठवले आणि झाकण घट्ट बसलं.

अ‍ॅपवर नोंद केली, घरी आलो, हिला सांगितलं: गेला हो पाहुणा. तिने एक सुस्कारा टाकला आणि, कायदा तो कायदा, वाटी धुऊन मांडणीला लावली. त्या संध्याकाळी रव्यात तळलेले बांगडे, आणि मेहुण्याकडून परत आलेल्या सुक्या सुंगटांची किसमूर. मिस्कूट माळ्यावरून मी स्वतः उतरवलं. फ्रीजवरचा कागद तेवढा हिने काढला नाही.

पुढच्या रविवारी हिच्या महिला मंडळाची सहल होती. कुठे ते मी विचारलं नाही. बायका डबे घेऊन सहलीला गेल्या की घरात जी शांतता पसरते ती विचारपूस करून घालवू नये. मी दुपारी पंखा पाचवर ठेवून झोपलो होतो. फोन वाजला. अ‍ॅपचा संदेश: तुम्ही सोडलेला ट्रॅकेबल एका खेळाडूने उचलला आहे.

वा! इतक्या लवकर. आता कुठे जाईल हा, जपान, ब्राझील? मी कौतुकाने खेळाडूचं नाव बघितलं.

नाव होतं 'पाच ग्रॅम'.

सहाच्या सुमारास फाटक वाजलं. ही आत आली. चपलांना खाजणातला चिखल. पर्समधून बदाम काढला, फडक्याने पुसला, बदकांच्या शेजारी ठेवला.

"२९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन आहे, मंडळात दाखवायचाय," म्हणाली. "दसरा झाला की सोडू."

"कुठे?"

"बघू ना. त्या डब्यातल्या वहीत तुमची सही होती, अहो. अक्षर किती थरथरलंय. तपासून घ्यायला हवं."

आणि स्वयंपाकघरात मांडणीवरून स्टीलची वाटी खाली उतरल्याचा आवाज आला.