पिट्युटरीची गाठ परत आली तर कवटीच उघडावी लागते? खुलासा

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: पिट्युटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची, गाठ परत आली की नाकातून ऑपरेशन होत नाही, कवटीच उघडतात. चूक आहे हे. बहुतेकदा दुसऱ्या वेळीही दुर्बिणीने नाकातूनच जातात; कवटी उघडायची वेळ मोजक्याच गाठींवर येते.

भीती मात्र अगदीच पोकळ नाही. पहिल्या ऑपरेशनचे व्रण आत चिकटलेले असतात, हाडाच्या ओळखीच्या खुणा गेलेल्या. बांध मोडलेल्या वावरात हद्द शोधावी तसं. त्यात हरभऱ्याएवढ्या या ग्रंथीच्या दोन्ही अंगांना मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या. म्हणून सीटी-एमआरआयवर चालणारं, आतली वाट दाखवणारं नॅव्हिगेशन लावतात, रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या बारीक डॉप्लरने धमनीचा आवाज ऐकूनच छेद घेतात. कोपऱ्यातलं पाहायला 30 किंवा 45 अंशांची दुर्बीण असते. मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळण्याचा धोका वाढतो. जिथून ते गळतं ते भोक बुजवायला नाकाच्या पडद्याचं अस्तर वापरतात, ते आधीच संपलं असेल तर मांडीतली चरबी घेतात.

आणि प्रोलॅक्टिनोमा (प्रोलॅक्टिन हे संप्रेरक जास्त बनवणारी पिट्युटरीची गाठ) असेल तर बहुधा आधी ते संप्रेरक कमी करणाऱ्या कॅबरगोलिनच्या गोळ्याच देतात, हे मेसेजवाल्याच्या गावीही नाही.

मुंबई-पुण्याला दाखवायला निघताना पहिल्या ऑपरेशनचे कागद, बायोप्सी रिपोर्ट आणि जुन्या एमआरआयची सीडी पिशवीत टाका.