सांभाळणाऱ्याच्या अंगाची विचारपूस कोण करतं?

नाशिकमध्ये इंदिरानगरला जा, गंगापूर रोडला जा, नाहीतर सिडकोत. ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळलंय आणि मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आहेत, तिथे पेशंट सांभाळणाऱ्या बायका पुरवणाऱ्या ब्यूरोतून आलेली मावशी असतेच. ड्यूटी १२ तासांची. सकाळी ८ ते रात्री ८, नाहीतर रात्री ८ ते सकाळी ८. तिच्या जोडीला घरातली एक बाई असते, बहुतेक वेळा बायको किंवा सून, आणि तिच्या ड्यूटीला तास नसतात. पेशंटचं बीपी, शुगर, औषधं, कूस बदलल्याच्या वेळा या सगळ्याची वही उशाशी ठेवलेली असते. ती वही काटेकोर भरली जाते. सांभाळणाऱ्या दोघींसाठी मात्र तिच्यात एकही रकाना नसतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिकले नाशिकला, नोकरी इंग्लंडात लीड्सला करते, स्ट्रोकच्या पेशंटना पुन्हा उभं करणाऱ्या विभागात. माझे बाबाही अर्धांगवायूच्या झटक्यानंतर नाशिकच्या घरीच असतात. म्हणजे पगार घेऊन सांभाळणाऱ्यांत मी आहे आणि लांबून दुसऱ्याकडून सांभाळून घेणाऱ्यांतही आहे. म्हणूनच आमच्या बॅचच्या ग्रुपवर मध्यंतरी जो वाद झाला तो माझ्या मनातून जात नाही.

झालं असं की, मी इथे थेरपिस्ट आणि नर्सेससोबत शांतपणे, डोळे मिटून हालचाल करण्याचा जो सराव करते, त्याबद्दल ग्रुपवर लिहिलं होतं. उत्तरं दोन प्रकारची आली. एक, आपल्याकडे योग असताना हे परदेशी कशाला? दोन, नाशिकमधली नर्स एकटी अख्खा वॉर्ड बघते, घरी जाऊन स्वयंपाक करते, तिला कुठे सांगतेस डोळे मिटून हात हलवायला. हे पोट भरलेल्यांचं काम आहे. दोन्ही उत्तरं देणारे माझे जवळचे मित्र आहेत, रोज पेशंट बघणारे आहेत. म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

आधी हा सराव काय आहे ते सांगते. त्याला ऑथेंटिक मूव्हमेंट म्हणतात. १९५०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये मेरी स्टार्क्स व्हाइटहाउस या नृत्यशिक्षिकेनं तो सुरू केला. जर्मनीत मेरी विगमन यांच्याकडे आणि पुढे मार्था ग्रॅहम यांच्याकडे ती नृत्य शिकलेली होती, आणि कार्ल युंग यांच्या मानसशास्त्राचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. पुढे जॅनेट अ‍ॅडलर यांनी त्याला आजची शिस्त दिली. दोन माणसं. एक हालचाल करतं, दुसरं बघतं. हलणारा डोळे मिटतो आणि अंगातून जे येईल ते येऊ देतो. काही आलं नाही तर नुसता उभा राहतो किंवा आडवा होतो. बघणारा भिंतीशी बसतो, घड्याळ सांभाळतो, दुसरा कुठे आपटणार नाही एवढं पाहतो. ठरलेली वेळ झाली की घंटी. मग आधी हलणारा बोलतो. बघणाऱ्यानं ‘छान केलंस’ म्हणायचं नाही, ‘तुझा खांदा आखडलाय’ असंही नाही. आपल्याला काय दिसलं आणि ते बघताना आपल्या आत काय झालं, एवढंच स्वतःपुरतं सांगायचं.

व्हाइटहाउसच्याही आधी, १९४२ पासून, मॅरियन चेस यांनी वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात नृत्यातून उपचार सुरू केले होते. तिथे रोख पेशंटवर होता. आमच्या गटात मात्र उपचार करणारेच येतात, आणि मला त्याचं फार महत्त्व वाटतं. आम्ही एका चर्चच्या हॉलमध्ये जमतो. पहिल्या वेळी मी डोळे मिटून उभी राहिले, आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की माझे दोन्ही हात कोपरात वाकलेत, तळवे वर आहेत, गुडघे किंचित दुमडलेत. पेशंटला खुर्चीतून उठवताना मी जशी उभी राहते, तंतोतंत तशी. समोर कुणी नव्हतं. हात खाली सोडायचे म्हटलं तर सुटेनात. दिवसभर दुसऱ्याचं वजन पेलण्याच्या तयारीत असलेलं शरीर कामावरून घरी येतं आणि तसंच झोपतं, हे मला पुस्तकातून कधी कळलं नव्हतं. त्या दिवशी मला बघत बसलेली बाई शेवटच्या घटका मोजणाऱ्यांच्या वॉर्डात नर्स होती. तिची पाळी आली तेव्हा ती जमिनीवर आडवी झाली आणि घंटी होईपर्यंत हलली नाही. नंतर म्हणाली, मी पडून आहे हे कुणीतरी बघतंय आणि तरीही मला उठवत नाहीये, असं किती वर्षांत झालं नव्हतं.

आता पहिला आक्षेप. योगाबद्दल मला आदरच आहे. सकाळची आसनं मी चुकवत नाही. पण वर्गात शिक्षक सांगतात, गुडघा सरळ, मान वर, श्वास सोडा. आसन बरोबर यावं लागतं, आणि ते योग्यच आहे. मावशीला आणि नर्सला मात्र दिवसभर कुणी ना कुणी हेच सांगत असतं: अशी धर, तशी वळव, सावकाश, लवकर. त्यांना दिवसातून थोडा वेळ असा हवा की ज्यात बरोबर-चूक काही नाही. बरं, ध्यानाची परंपरा म्हणाल तर आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला धम्मगिरी आहे, १९७६ पासून तिथे विपश्यनेची शिबिरं होतात, जगभरातून लोक येतात. शिबिर १० दिवसांचं. अंथरुणावरच्या नवऱ्याला सोडून माझी आई १० दिवस कुठे जाणार? श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते, रात्रभर लोक चालतात, त्या चालण्यात अंग आणि मन दोन्ही हलकं होतं हे मी अनुभवलंय. आईही पूर्वी जायची. बाबांना झटका आल्यापासून गेलेली नाही. आपल्याकडे साधनेची वाण नाही. पण त्यातली बरीचशी घर सोडून निघू शकणाऱ्या माणसासाठी आहे, आणि सांभाळणाऱ्याला नेमकं तेच शक्य नसतं. सराव भारतीय की परदेशी, यावर आपण तावातावानं भांडतो. सांभाळणारी तो करत असताना पेशंटजवळ कोण बसणार, हा प्रश्न त्या भांडणात कुणीच विचारत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. इंग्लंडात वजन उचलण्याच्या कामाबद्दल १९९२चे नियम आहेत. उभं राहता न येणाऱ्या पेशंटला शक्यतो हातानं उचलायचं नाही. त्याच्याखाली कापडी झोळी सरकवायची, ती होइस्टच्या आकड्यांना अडकवायची आणि यंत्रानं उचलायचं, तेही बहुतेक ठिकाणी दोघांनी मिळून. पलंगावर वर सरकवायला गुळगुळीत स्लाइड शीट असते, तिनं बराच जोर वाचतो. नाशिकच्या किती घरांत अशी शीट आहे? मावशी पेशंटच्या काखेत हात घालते आणि ओढते. एकटीच. तिची कंबर चाळिशीतच जाते. त्यामुळे कुणी मला विचारलं की आधी स्लाइड शीट की आधी डोळे मिटून हालचाल, तर मी बिनदिक्कत सांगेन, आधी शीट. या सरावानं कंबर बरी होते असा माझा दावा नाही, आणि मनावर मोठा घाव घेऊन जगणाऱ्यानं तो जाणकार माणसाशिवाय करूही नये.

पण शीट आली, होइस्ट आलं, तरी प्रश्न संपत नाही, हे मी इथे रोज बघते. इंग्लंडात २०१४च्या केअर अ‍ॅक्टनुसार घरच्याला सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःच्या गरजांची पाहणी करून घेण्याचा हक्क आहे. एप्रिल २०२४ पासून नोकरदाराला आप्ताच्या देखभालीसाठी वर्षाला एक आठवडा रजा मागता येते. बिनपगारी. हक्क कागदावर आहे, पण ज्याला आठवड्याचा पगार सोडणं परवडत नाही त्याला तो लांबूनच बघावा लागतो. दवाखान्यांतही दुपारच्या सुट्टीत ‘वेलबीइंग’ची सत्रं ठेवतात आणि त्याच दिवशी वॉर्डात दोन माणसं कमी असतात. माणसं कमी ठेवायची आणि उरलेल्यांना श्वासाचे व्यायाम शिकवायचे, याला माझा ठाम विरोध आहे. बर्नआउट हा शब्द हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये दवाखान्यात राबणाऱ्यांच्या थकव्यासाठी वापरला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली ती कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था अशी. म्हणजे दोष कामाच्या रचनेत शोधायचा. हे मला मान्य आहे. मात्र ही व्याख्या नोकरीपुरतीच आहे. माझी आई रात्रीत तीनदा उठते; तिच्या थकव्याला त्या व्याख्येत जागाच नाही.

आणि इंग्लंडात जे नाही ते नाशिकमध्ये आहे. आमच्या मजल्यावरच्या काकू हाक मारली की येतात, बाबांजवळ अर्धा तास बसतात, पेपरातल्या बातम्या वाचून दाखवतात. लीड्समध्ये माझ्या पेशंटच्या बायकांना असा अर्धा तास मिळवायचा तर फॉर्म भरून वाट बघावी लागते. त्या काकूंच्या भरवशावरच गेल्या सुट्टीत मी घरी हा सराव करून पाहिला.

दुपारची वेळ, बाबा झोपलेले, काकू त्यांच्याजवळ. हॉलमधली टीपॉय बाजूला सरकवली. आई डोळे मिटून उभी राहिली, एक हात भिंतीला टेकवला आणि हळूहळू सगळं अंग त्या हातावर सोडलं. कपाळही भिंतीला लावलं. बाकी काहीच केलं नाही. मी बघत बसले. मला तिच्या टाचा दिसत होत्या, आधी उचललेल्या, मग जमिनीला लागलेल्या. नंतर मावशींची पाळी, बघायला आई. इथे सगळं अडलं. मावशी डोळे मिटेनात. दोनदा मिटले, दोनदा उघडून आईकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या (त्या आईलाही काकूच म्हणतात), “काकू बघत असल्या की काही काम राहिलंय असंच वाटतं.” आईचंही तेच, तिच्या तोंडून लगेच निघालं, “अहो, पाय नीट घ्या, अवघडाल.” ज्याच्या नजरेखाली आपण पगारावर राबतो, त्याच्या नजरेसमोर अंग सैल सुटत नाही. पुस्तकांत बघणाऱ्याची नजर निरपेक्ष असावी असं लिहिलेलं असतं. आपल्या घरांतली नजर मालकिणीची असते, सासूची असते. तिला निरपेक्ष हो म्हटलं म्हणून ती होत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशींना बोलावलं आणि आई आतल्या खोलीत गेली. दोघी एकमेकींच्या साक्षीदार झाल्या. आमच्या मावशी सतरंजीवर पाय लांब करून बसल्या. बराच वेळ फक्त पायाची बोटं हलत होती. मग दोन्ही तळवे स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून त्या थांबल्या. झाल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? त्यांनी आधी उलट विचारलं, “ताई, हा वेळ ड्यूटीत धरणार ना?”

माझ्या बॅचच्या ग्रुपवरच्या सगळ्या चर्चेपेक्षा हा प्रश्न मोलाचा आहे. ड्यूटीत धरलेला वेळ मिळाला तरच ती विश्रांती. तो मावशीच्या घरच्या वेळातून काढायला लावला तर तिच्यावर आणखी एक काम चढतं, मग त्याला योग म्हणा नाहीतर ऑथेंटिक मूव्हमेंट. आणि जोडी बरोबरीच्या माणसांचीच हवी: नर्ससोबत नर्स, सुनेसोबत शेजारची सून, मावशीसोबत मावशी.

नाशिकमध्ये हे करता येण्यासारखं आहे असं मी हट्टानं म्हणते, त्याला कारण आहे. अख्ख्या राज्यातल्या वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी महाविद्यालयांचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच गावात, म्हसरूळला, दिंडोरी रोडवर आहे. इंटर्नशिपच्या वेळापत्रकात आठवड्याला पाऊण तास, ड्यूटीच्या आत, हजेरीसकट, एवढं तिथून ठरू शकतं. एप्रिल २०२१ मध्ये महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून एकाच दिवशी २२ रुग्ण गेले. चौकशी समिती नेमली गेली, आणि नेमायलाच हवी होती. त्या दिवशी वॉर्डात हजर असलेल्यांच्या हातापायांत ते तास कसे राहिले असतील, हे मी अजून मनात आणते. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. रस्ते, घाट, साधुग्राम, तपोवनातली झाडं यांवर गावात जोरात चर्चा चालू आहे, आणि झाडांसाठी नाशिककर रस्त्यावर उतरले याचा मला इतक्या लांबूनही अभिमान वाटला. पर्वणीच्या दिवशी सलग उभ्या राहणाऱ्या नर्स आणि आशाताई दुसऱ्या दिवशी कुठे बसतील, त्यांच्याजवळ कोण बसेल, हे त्या चर्चेत यायला अजून वेळ गेलेला नाही.

घरापुरतं म्हणाल तर स्लाइड शीट आणली, वापरायची कशी ते दोन्ही पाळ्यांच्या मावशींना दाखवलं. ब्यूरोच्या मालकांशी बोलले. त्यांनी आधी विचारलं, त्या वेळाचे पैसे कोण देणार? ते आम्हीच देतो, आणि मावशींच्या ड्यूटीच्या कागदावर दुपारची ४ ते ४:४५ ही वेळ आता त्यांची म्हणून लिहिलेली आहे. खालच्या मावशींच्या घरमालकांनीही मान्य केलं. काकू गावाला गेल्या की मात्र गाडं अडतं. आणि रात्रीच्या मावशींसाठी मला अजून काही सुचलेलं नाही. पहाटे ३ वाजता बाबांजवळ बसायला दुसरं माणूस आणायचं कुठून?